राजारामपुरीतलं डाएट क्लिनिक: गुडघेदुखीवाल्याचा अनुभव

आधी तक्रार. गुडघे धरलेल्या माणसांनी जायचं ठिकाण आणि ते दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही! कठडा धरून वर पोचलो तर रिसेप्शनवरची पोरगी म्हणते, "काका, दम खावा आधी."

मी गुजरीत चांदीकाम करतो. दिवसभर मांडी घालून बैठक, वजन ९२ किलो, दोन्ही गुडघ्यांची झीज. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, वजन उतरवा. हे सगळेच सांगतात, कसं उतरवायचं ते कुणी सांगत नाही. इथल्या मॅडमनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "घरात महिन्याला तेल किती लागतं?" सौ.नी खरा आकडा सांगून टाकला.

मटण बंद होणार अशी धास्ती होती. तसं झालं नाही. रविवारचं मटण राहिलं, तांबड्यावरचा तवंग तेवढा काढून टाकायचा. पांढरा रस्सा मात्र एकच वाटी, कारण त्यात नारळाचं दूध आणि काजू. भाताऐवजी जोंधळ्याची भाकरी. बाकी दिवस मूग, मटकी, अंडी, ताक. उपाशी राहून वजन उतरवलं तर मांडीचे स्नायूही झडतात आणि गुडघ्याचा आधारच जातो, हे त्यांनी नीट समजावलं. गंगावेशीतलं धारोष्ण दूध सुटलं, त्याचा राग अजून आहे.

आज काटा ८४ दाखवतो. पोट आरशात फारसं कमी दिसत नाही, पण गुडघ्यांना फरक आधीच कळला. गादीवरून उठताना भिंत धरावी लागत नाही, सकाळचा ताठरपणा चहा होईतोवर जातो, रंकाळ्यावर न थांबता बरंच चालतो. जोतिबाच्या पायऱ्या अजून नकोच. एक्स-रेही होता तसाच आहे, झिजलेली कुर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, डाएटनं परत येत नाही. मग दुखणं का कमी झालं? अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं होतं, की एक किलो वजन घटलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. म्हणजे माझे आठ किलो गुडघ्याला बत्तीस. शिवाय अंगातली चरबी सूज वाढवणारी द्रव्यंही सोडते, तीही कमी होतात.

आता खरी खोट. व्यायामाच्या नावानं इथं कागदाच्या तळाशी एक ओळ आहे: "रोज चालणे." त्याच विद्यापीठाचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास ४५४ जणांवर अठरा महिने चालला, आणि त्यात नुसतं डाएट किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम मला शेवटी दुसरीकडच्या फिजिओथेरपिस्टनं शिकवला. इथं त्याऐवजी प्रोटीन पावडरचा डबा पुढं केला जातो. घेतला नाही. मटकी आहे की घरात.

पाचपैकी साडेतीन. खाण्याचा सल्ला लई भारी, आपल्या जेवणाची जाण असलेला. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावा. आणि वेळ सकाळची घ्या, संध्याकाळी जिन्यातच रांग लागते आणि उभं राहावं लागतं.