“मॅडम, ह्यात ते बसत नाही”: छोट्या पीसीच्या खरेदीत झालेली फसवणूक

छोटा पीसी जुळवून घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मिनी आयटीएक्स बोर्ड (लहान आकाराचा मदरबोर्ड), दहा-अकरा लिटरची केस आणि तिच्यात पूर्ण ताकदीचं ग्राफिक्स कार्ड, अशी जुळणी हल्ली बरेच जण करून घेतात. माझ्या बाबतीत ठरलेल्या सामानातल्या चार वस्तू बदलल्या गेल्या आणि पैसे मात्र ठरलेल्या वस्तूंचे घेतले गेले. प्रकरण अजून मिटलेलं नाही, त्यामुळे दुकानाचं नाव देत नाही. पद्धत मात्र पूर्ण सांगते. मोठ्या कॅबिनेटच्या पीसीत ती इतक्या सहज खपली नसती.

मी नाशिकला राहते आणि घरांच्या इंटिरिअरचे थ्रीडी व्ह्यू करून देते. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालतं. मुंबईतल्या गिऱ्हाइकांसमोर बसून बदल करून दाखवावे लागतात, म्हणून रेल्वेने पाठीवरच्या बॅगेत नेता येईल असा पीसी हवा होता. माझ्या बजेटमधल्या लॅपटॉपमध्ये १२ जीबी ग्राफिक्स मेमरी मिळत नव्हती, आणि फर्निचर, पडदे, झाडं, दिवे असा भरलेला सीन ८ जीबीत मावत नाही. त्यामुळे कोटेशन मागतानाच मी लिहून दिलं होतं: आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबी. बाकी रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मिनी आयटीएक्स बोर्ड, ३२ जीबी रॅम, १ टीबीची जेन ४ एसएसडी (जेन ४ म्हणजे भाग जोडणाऱ्या पीसीआयई मार्गाची चौथी पिढी, जेन ३च्या दुप्पट वेगाची), ६५० वॅटचा गोल्ड दर्जाचा एसएफएक्स एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग, छोट्या आकाराचा), आणि जेन ४ रायझर केबल असलेली सँडविच पद्धतीची केस. या केसमध्ये बोर्ड एका बाजूला आणि कार्ड त्याच्या पाठीमागे उभं बसतं, आणि दोघांना ती केबल जोडते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाने हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशनमध्ये दिलं. रक्कम लाखाच्या आतबाहेर होती. मी ॲडव्हान्स पाठवला.

मशीन घ्यायला गेले तेव्हा ते जोडून, बंद करून, स्क्रू आवळून टेबलावर ठेवलेलं होतं. विंडोज सुरू झालेलं दाखवलं, एक गेम चालवून दाखवला. खोके मागितले तर म्हणाले, “वॉरंटी आमच्याकडेच आहे मॅडम, खोक्यांची गरज नाही, तुम्हाला उगाच ओझं.” बिलावर एकच ओळ होती: असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग. खाली १८ टक्के जीएसटी. सुट्या भागांची नावं हवीत म्हटल्यावर उत्तर आलं की पूर्ण मशीन विकलं की बिल असंच निघतं, हवं तर कोटेशन सोबत जोडून ठेवा.

पहिल्याच मोठ्या सीनला ब्लेंडरने जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, मेमरी संपल्याचा संदेश दिला. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं. नाव बरोबर होतं, आरटीएक्स ३०६०. मेमरी मात्र ८१९२ एमबी (म्हणजे ८ जीबी) आणि बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा मार्ग, १२८ बिट. इथे ही चलाखी नीट समजून घ्या, कारण तिच्यात बरेच जण अडकू शकतात. आरटीएक्स ३०६० या एकाच नावाखाली दोन कार्डं विकली जातात. आधीचं १२ जीबीचं, त्याची बस १९२ बिट आणि मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबी. नंतर आलेलं ८ जीबीचं, त्याची बस १२८ बिट आणि वेग २४० जीबी. दोन्हींत कोअर ३५८४च. म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये नाव पाहून समाधान मानणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि मेमरीच्या वेगाचा एक तृतीयांश हिस्सा गेलेला असतो.

दुकानात फोन केला. काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, १२ जीबीचं कार्ड ह्या केसमध्ये बसत नाही. म्हणून तुमच्या सोयीसाठी ८ जीबीचं टाकलं.”

हे धादांत खोटं आहे. कार्डाची लांबी मेमरीवर ठरत नाही, त्यावर बसवलेल्या कूलरवर ठरते. १२ जीबीच्या ३०६०मध्ये एका पंख्याची, १७०-१८० मिलिमीटरच्या आसपासची कार्डंही आली होती, आणि दोन पंख्यांची साधारण २२५ ते २४५ मिलिमीटरची तर सर्रास मिळतात. माझ्या केसमध्ये ३०० मिलिमीटरहून लांब कार्ड मावतं, केसच्या माहितीपत्रकातच तसं छापलं आहे. मी तो आकडा वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, “जाडीचा प्रॉब्लेम असतो.” मिळालेलं कार्डही दोन स्लॉट जाडीचंच होतं.

मोठ्या कॅबिनेटच्या गिऱ्हाइकाला “बसत नाही” हे कारण देताच येत नाही, आत हातभर जागा असते. छोट्या केसमध्ये खरोखरच पुष्कळ गोष्टी बसत नाहीत, आणि त्या खऱ्या अडचणीच्या आडोशाने खोटी अडचण खपवली जाते. गिऱ्हाइकाला वाटतं, एवढा अनुभवी दुकानदार सांगतोय तर असेल तसंच.

कार्डाचं कळल्यावर बाकीचंही तपासायला घेतलं. एसएसडीचा वाचण्याचा वेग सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास येत होता, जेन ४च्या त्या मॉडेलला सात हजारांच्या घरात यायला हवा. एसएसडी बनावट असावी असा पहिला संशय आला. पण ती अस्सल होती, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर सापडला. मग प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये पाहिलं: रायझन ५ ५५००. एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी. ठरलेल्या ५६००मध्ये ती ३२ एमबी असते. दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही एकाच सॉकेटचे, नावात शंभराचा फरक. पण ५५०० हा पीसीआयई जेन ३चाच आहे, त्यामुळे त्याला जोडलेली जेन ४ एसएसडी अर्ध्या वेगाने धावते.

यानंतर मी मशीन नाशिकमधल्या एका हार्डवेअर दुरुस्तीवाल्यांकडे नेलं. अनेक वर्षांच्या ओळखीचे आहेत, मी त्यांना दादा म्हणते. त्यांनी आधी प्रत्येक पायरीचे फोटो काढायला लावले, मगच स्क्रूला हात लावला. ती शिस्त मला पुढे फार उपयोगी पडली.

दादांनी त्यांच्याकडचा एक ५६०० तपासणीपुरता बसवला. स्क्रीन काळीच. बोर्ड खराब आहे की काय असं वाटून मी घाबरले. दादांनी रायझर केबल काढली, बोर्ड केसबाहेर घेतला आणि कार्ड थेट त्याच्या स्लॉटमध्ये लावलं. चित्र लगेच आलं. मग बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन स्लॉटचा वेग जेन ३वर ठेवला, पुन्हा रायझरमधून जोडलं, आता तिथेही चित्र आलं. म्हणजे केबल जेन ३ची होती आणि जेन ४चा सिग्नल तिला पेलवत नव्हता. ५५०० प्रोसेसर मुळात जेन ३च देत असल्यामुळे ती कधी उघडी पडली नसती. एक बदललेली वस्तू दुसऱ्या बदललेल्या वस्तूला झाकत होती. मी नुसता प्रोसेसर बदलून मागितला असता, तर नव्या प्रोसेसरवर काळी स्क्रीन आली असती आणि दोष माझ्या हाताळणीवर ढकलला गेला असता.

एसएमपीएसचं प्रकरण मात्र नुसतं पैशाचं नव्हतं, जिवाच्या धोक्याचं होतं. सँडविच केसमध्ये एसएमपीएसचं लेबल बहुतेकदा आतल्या बाजूला जातं, बाहेर काढल्याशिवाय वाचता येत नाही. काढल्यावर दिसलं की ६५० वॅटचं स्टिकर दुसऱ्या लेबलावर चिकटवलेलं आहे. खालच्या लेबलावर ४०० वॅट, आणि गोल्डचा उल्लेखच नाही. ग्राफिक्स कार्डाला लागणारी ८ पिनची जोडणी त्या एसएमपीएसला नव्हतीच. मोलेक्सच्या (जुन्या पद्धतीच्या ४ पिनी प्लगच्या) वायरीवरून कन्व्हर्टर लावून वीज दिली होती. ८ पिनच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज घेण्याची सोय कार्डाला असते. एवढा भार मोलेक्सच्या पिनांवर तासन्‌तास टाकला तर प्लग वितळू शकतो. लांबलचक रेंडर (सीनचं अंतिम चित्र तयार करणं) करताना मशीन मधेच धाडकन बंद पडायचं, त्याचं कारण तेव्हा कळलं. रात्रभर रेंडर लावून आपण झोपतो. घरात लहान मूल असताना अशी जोडणी कोणी कोणाच्या घरी पाठवावी, याचा मला आजही संताप येतो.

रॅम, बोर्ड आणि केस ठरलेलीच निघाली.

या सगळ्यातून हाती काय घेऊन दुकानात जायचं, तेवढं सांगते. मापं स्वतः काढा. मिनी आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटर, त्यावर रॅमचे सहसा दोनच स्लॉट आणि कार्डासाठी एक. एसएफएक्स एसएमपीएस १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटर, एसएफएक्स-एल असेल तर खोली १३० मिलिमीटर. नेहमीचा एटीएक्स १५० बाय ८६चा असतो, तो एसएफएक्सच्या जागेत जाणार नाही. केसच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची आणि कार्डाची कमाल लांबी, रुंदी, जाडी दिलेली असते. ४७-४८ मिलिमीटरची मर्यादा असलेल्या केसमध्ये ३७ मिलिमीटरचा कूलर निवांत बसतो, पण प्रोसेसरसोबत फुकट मिळणारा ५४ मिलिमीटरचा बसत नाही. तिथे “बसत नाही” खरं असतं. रॅम बुटकी घ्या, दिव्यांच्या उंच पट्ट्या कूलरला अडतात. हे आकडे एका कागदावर असले की दुकानदाराने “बसत नाही” म्हणताच विचारता येतं: किती मिलिमीटरने? माझ्या दुकानातल्या मुलाकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

आणि जुळणी समोर बसून करून घ्या. दुकानदार नको म्हणत असेल तर सुटे भाग घ्या आणि जुळणी दुसरीकडे करा. छोट्या पीसीत तपासणी केस बंद होण्याआधीच व्हायला हवी, कारण एकदा वायरी कोंबून झाकण लागलं की आतलं काही दिसत नाही आणि गिऱ्हाईकही पुन्हा उघडायला धजत नाही. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर त्याचं पूर्ण नाव कोरलेलं असतं, कूलर चढण्याआधी त्याचा फोटो घ्या. बोर्ड खोक्यावरच ठेवून, कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून मशीन सुरू करायला सांगा. सीपीयू-झेडमध्ये नाव आणि एल३ पाहा. जीपीयू-झेडमध्ये मेमरी आणि बसची रुंदी पाहा. मग केसमध्ये रायझरवरून जोडल्यावर भार टाकून बस इंटरफेसची ओळ पुन्हा पाहा: जेन ४ ठरलं असेल तर तिथे ४.० टिकायला हवं. एसएमपीएस आत जाण्याआधी त्याच्या लेबलाचा आणि कार्डाला जाणाऱ्या वायरीचा फोटो घ्या. कन्व्हर्टर दिसला तर तिथेच थांबा. बाकी सगळं नंतर भांडून मिळवता येतं.

खोके सोडू नका. वॉरंटी सिरियल नंबरवर चालते आणि आयात करणाऱ्या वितरकाकडे त्याची नोंद असते. बिलावर प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, मॉडेलचं पूर्ण नाव, मेमरी किती ते आणि सिरियल नंबर हवा. नुसतं “आरटीएक्स ३०६०” लिहिलेलं चालणार नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नोंदणीकृत नाव दिसतं. माझ्या बिलावरचा क्रमांक खरा होता, आणि त्यामुळेच नोटीस कोणाला पाठवायची हे ठरवता आलं.

दुकानाने आधी “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही बिलावरची ओळ दाखवली. ती ओळ छापल्याने दुकानदार सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, त्यानंतर दुकानाचा सूर बदलला. एसएमपीएस बदलून मिळाला, या वेळी खोक्यासकट. कार्डाच्या किमतीतला फरक द्यायला ते तयार झाले, पण मला फरक नको आहे, १२ जीबी हवं आहे, कारण माझं काम त्याशिवाय होत नाही. प्रोसेसर आणि रायझरबद्दल ते अजूनही “तेच ठरलं होतं” असं म्हणतात.

म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे, आणि तीही नाशिकला. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, दुकान मुंबईत असलं तरी. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन हाच माझा मुख्य पुरावा आहे. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडायचं असतं, ते वकिलांकडून तयार करून घेतलं. तो संवाद आणि दादांनी काढायला लावलेले फोटो दोन ठिकाणी जपून ठेवले आहेत.

तुमच्याही बिलावर “असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग” एवढीच ओळ असेल, तर आज संध्याकाळी सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड उघडून आकडे कोटेशनशी ताडून पाहा. फरक निघाला तर फोन करू नका, आधी लेखी विचारा. मशीन उघडायचं असेल तर कोणाला तरी सोबत बसवून, प्रत्येक स्क्रूचा फोटो काढत उघडा.