कादंबरी वाचू की सेल्फ-हेल्प? एका प्रश्नावरची दोन-दोन पुस्तकं

"नवीन काय वाचू?" असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन पुस्तकं आधीच घोळत असतात. एक कादंबरी, जिचं नाव बरेच दिवस कानावर पडतंय. आणि एक सेल्फ-हेल्पचं पुस्तक, जे वाचलं तर आपलं अडलेलं काहीतरी मार्गी लागेल अशी आशा वाटतेय. महिन्याकाठी जेमतेम एक पुस्तक वाचून होत असेल, तर ही निवड साधी राहत नाही.

मी अशा वेळी एकच विचारते: तुम्हाला काय सलतंय ते एका वाक्यात सांगता येईल का? सांगता आलं, तर सेल्फ-हेल्प घ्या. त्या पुस्तकांची रचनाच ठरलेल्या प्रश्नावर उपाय देण्यासाठी असते. सांगता येत नसेल, नुसतीच अस्वस्थता असेल, तर कादंबरी घ्या. ती आधी प्रश्न शोधायला मदत करते. खाली याच हिशेबाने जोड्या लावल्या आहेत. बहुतेक पुस्तकं 2020 नंतरची आहेत.

राहून गेलेल्याची रुखरुख

मॅट हेग यांच्या 'द मिडनाइट लायब्ररी' (2020) या कादंबरीतली नोरा सीड स्वतःचं आयुष्य संपवायला निघते आणि जगणं व मरणं यांच्या मधल्या एका ग्रंथालयात येऊन पोचते. घड्याळ मध्यरात्रीवर थांबलेलं असतं. तिथलं एकेक पुस्तक म्हणजे तिने वेगळा निर्णय घेतला असता तर तिच्या वाट्याला आलं असतं ते आयुष्य. पोहणं सोडलं नसतं तर? बँड सोडला नसता तर? ठरलेलं लग्न मोडलं नसतं तर? ती एकेका आयुष्यात शिरून पाहते. भाषा सोपी, प्रकरणं आटोपशीर, त्यामुळे वाचनाची सवय सुटलेल्या माणसाकडूनही ही कादंबरी पूर्ण होते. मध्यावर मात्र ती रेंगाळते. तीन-चार आयुष्यांनंतर पुढे काय होणार हे कळू लागतं आणि शेवटाचाही अंदाज येतो. आणखी एक मनापासून सांगते. सुरुवातीची पानं आत्महत्येच्या विचारांभोवती फिरतात. सध्या तुमचं मन तिथे कुठे जवळपास असेल, तर हे पुस्तक आत्ता नको. आधी कुणाशी तरी बोला.

ऑलिव्हर बर्कमन यांचं 'फोर थाउजंड वीक्स' (2021) त्याच रुखरुखीला आकड्याने भिडतं. 80 वर्षं जगलात तर हाती साधारण 4,000 आठवडे येतात. मग बर्कमन वेळ वाचवण्याच्या युक्त्या देतात का? उलट, ते सांगतात की सगळं कधीच उरकणार नाही. ई-मेलना जितक्या झटपट उत्तरं द्याल तितके जास्त ई-मेल येतील. तेव्हा काय सोडायचं ते डोळसपणे ठरवा. त्यांचा एक उपाय मी वापरते. वहीच्या डाव्या पानावर मनात येतील ती सगळी कामं, उजव्या पानावर जास्तीत जास्त दहा. उजवीकडचं एक काम पुरं झाल्याशिवाय डावीकडचं काही तिकडे न्यायचं नाही. माझ्या डाव्या पानावर 'आईच्या जुन्या फोटोंमागे नावं लिहिणं' ही ओळ कितीतरी महिने पडून होती. उजवीकडे जागा रिकामी झाली आणि ती मुद्दाम उचलून ठेवावी लागली, तेव्हा कुठे एका रविवारी मी आईला घेऊन बसले. निम्म्या चेहऱ्यांची नावं आता फक्त तिलाच ठाऊक होती.

या जोडीत माझा कौल बर्कमन यांना. नोराची गोष्ट वाचून मन हलकं होतं, पण महिन्याभरात ती पुसट होते. बर्कमन यांचे आठवडे डोक्यात राहतात.

लोक काय म्हणतील आणि आपण काय करायचं

या जोडीवर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे, कारण ही दोन पुस्तकं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना ओढतात.

मेल रॉबिन्स यांचं 'द लेट देम थिअरी' डिसेंबर 2024 मध्ये आलं. मुलाच्या शाळेतल्या निरोपाच्या कार्यक्रमाच्या रात्री मुलांनी कुठे जेवावं, पावसात भिजावं की नाही, या सगळ्यात त्या स्वतः शिरत होत्या. मुलीने हात धरून सांगितलं, त्यांना करू दे ना. तिथून हा विचार सुरू झाला. दुसऱ्याला जे वाटायचं ते वाटू दे, जे करायचं ते करू दे. आपलं बळ त्याला बदलण्यात घालवू नका. याला एक दुसरा अर्धा भागही आहे, जो ऐकीव माहितीत हमखास गळतो: आणि आता मी काय करणार, ते मला ठरवू दे. नातेवाइकांच्या टोमण्यांनी ज्याची झोप उडते, मैत्रिणींनी बोलावलं नाही म्हणून जिचा दिवस वाया जातो, त्यांना या पुस्तकाने खरोखर सुटल्यासारखं वाटेल. फक्त ते गरजेपेक्षा लांबलं आहे. मुद्दा पहिल्या एक-तृतीयांश भागातच कळतो. पुढे तोच मैत्री, प्रेम, तुलना अशा विषयांना लावून दाखवला आहे. आपल्या अडचणीचं प्रकरण तेवढं वाचलं तरी चालेल.

आता क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (2021). शंभरच्या थोडी वर पानं, दोन बैठकांत संपणारी. 1985 चा नाताळ, आयर्लंडमधलं न्यू रॉस. बिल फर्लाँग हा कोळसा आणि लाकडं विकणारा, पाच मुलींचा बाप. ख्रिस्ती जोगिणींच्या मठात माल पोचवायला गेल्यावर त्याला कोळशाच्या कोठीत रात्रभर कोंडलेली एक मुलगी सापडते. आत नेल्यावर मठाच्या प्रमुख चहा मागवतात, गोड बोलतात, निघताना त्याच्या हातात पैशांचं पाकीट ठेवतात. तो ते घेतो. मुलीने त्याला एकच विनवणी केलेली असते, की माझ्या बाळाबद्दल त्यांना विचारा. तो विचारत नाही. नंतर त्याला त्या कोठीपेक्षाही हे जास्त छळतं: आपण समोर होतो, आणि विचारलं नाही. गावात सगळ्यांना सगळं माहीत आहे. बायकोही समजावते, संसार करायचा तर काही गोष्टींकडे काणाडोळा करावाच लागतो. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नाही, घराची काळजी आहे, आणि म्हणून ते जास्त बोचतं.

या कादंबरीमागे खरा इतिहास आहे. आयर्लंडमधल्या मॅग्डलेन धुलाईघरांत, म्हणजे अशाच मठांनी चालवलेल्या कपडे धुण्याच्या ठिकाणी, मुलींना आणि बायकांना डांबून राबवलं जात होतं. शेवटचं धुलाईघर 1996 मध्ये बंद झालं, आणि सरकारने जाहीर माफी मागितली ती 2013 मध्ये.

ही दोन पुस्तकं मी लागोपाठ वाचली आणि 'करू दे' हे शब्द मला वेगळे ऐकू येऊ लागले. रॉबिन्स अन्याय खपवून घ्या असं म्हणत नाहीत, त्यांचा रोख इतरांच्या मतांवर आणि मर्जीवर आहे. पण दुसऱ्याची मर्जी कुठे संपते आणि आपली जबाबदारी कुठे सुरू होते, ही रेघ वाचकाने स्वतः ओढायची असते. कीगन यांची कादंबरी ती रेघ एका माणसाच्या पायाखाली आणून दाखवते. एकच निवडायची तर कीगन. पण लोकांच्या बोलण्याने तुम्ही आत्ता खरंच पिचला असाल, तर आधी रॉबिन्स वाचून जरा श्वास घ्या आणि मग कीगनकडे वळा.

कामाचा रेटा, विखुरलेलं लक्ष

इथे उत्तर सोपं आहे. दिवसाला दहा बैठका होत असतील आणि खरं काम रात्री करावं लागत असेल, तर कॅल न्यूपोर्ट यांचं 'स्लो प्रॉडक्टिव्हिटी' (2024) वाचा. एका वेळी कमी कामं हाती घ्या, सहज, नैसर्गिक गतीने करा, दर्जाचा ध्यास धरा, अशी तीन सूत्रं आहेत. आपल्या कामाचं वेळापत्रक स्वतः ठरवू शकणाऱ्यांना ती लागू पडतील. ज्यांची पाळी आणि सुट्टी दुसरं कुणी ठरवतं, त्यांच्या हाती फार काही लागणार नाही.

सामंथा हार्वी यांची 'ऑर्बिटल' उपाय देत नाही. अवकाश स्थानकातले सहा जण, त्यांचा एक दिवस, आणि त्या दिवसात पृथ्वीभोवती 16 फेऱ्या, म्हणजे 16 सूर्योदय. एकीच्या आईचं खाली पृथ्वीवर निधन झालंय आणि तिला परतता येत नाही. खाली एक वादळ वाढत चाललंय. बाकी कथानक जवळजवळ नाहीच. 2024 चं बुकर पारितोषिक या पुस्तकाला मिळालं म्हणून उत्साहाने घेऊन तिसाव्या पानावर सोडलेले वाचक मला माहीत आहेत. रोज एकाच फेरीचा भाग वाचा. मला स्वतःला ती तशीच वाचता आली, आणि तेवढा वेळ फोनची आठवण झाली नाही.

सवयी लावायच्या असतील तर

इथे कादंबरीची जोडी शोधत बसू नका. जेम्स क्लिअर यांचं 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' 2018 चं आहे, नवीन म्हणता येणार नाही, तरी या कामाला अजून तेच हाती देते. नवी सवय दोन मिनिटांत करता येईल इतकी लहान करा, हा एक नियम पाळला तरी पुस्तक वसूल. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षाअखेर 37 पट, हे गणित कागदावर बरोबर आहे. माणसाची प्रगती चक्रवाढ व्याजासारखी होत नाही, तेव्हा तो आकडा मनावर घेऊ नका.

वेळच नसेल तर

बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा दीपा भास्ती यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'हार्ट लॅम्प' घ्या. 1990 ते 2023 या काळात लिहिलेल्या 12 कथा आहेत. 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर याला मिळालं. कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं. शीर्षककथेत नवऱ्याने दूर लोटलेली मेहरून माहेरी येते, आणि भाऊ घराण्याच्या अब्रूची भाषा करत तिला परत पोचवायला निघतात. ती कथा आधी वाचा. आणि तिच्यानंतर त्याच दिवशी दुसरी कथा उघडू नका.