‘फायटिंग आय’ आणि तिची कडू नावे : न्यू यॉर्कमधील इंट्रेपिड संग्रहालय

न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या पश्चिम काठावर, हडसन नदीतील ८६ क्रमांकाच्या धक्क्याला ‘इंट्रेपिड’ ही विमानवाहू युद्धनौका १९८२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींच्या यादीत स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यानंतर केव्हातरी तिचे नाव येते आणि बहुधा ते नातवंडांच्या हट्टामुळे येते, कारण तिथे विमाने आहेत, अंतराळयान आहे आणि पाणबुडीसुद्धा आहे. हे सर्व तिथे आहे आणि उत्तम स्थितीत आहे. परंतु नौकेवर राहिलेल्या माणसांनी तिला कोणकोणत्या नावांनी हाक मारली आणि का मारली, हे ठाऊक असेल तरच तिकिटाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यामुळे हे परीक्षण मी मुख्यतः त्या टोपणनावांच्या अंगाने लिहीत आहे.

या नौकेचे मिरवण्याजोगे टोपणनाव ‘फायटिंग आय’, म्हणजे लढवय्यी. ‘आय’ हे अर्थातच मूळ नावाचे इंग्रजी आद्याक्षर. खलाशांच्या तोंडी मात्र आणखी नावे होती. ‘इंट्रेपिड’शी यमक जुळवून ते तिला ‘डेक्रेपिट’ म्हणत, म्हणजे जराजर्जर, मोडकळीला आलेली. दुरुस्तीसाठी ती वारंवार सुक्या गोदीत जाऊन बसे, म्हणून ‘ड्राय आय’. आणि कुणी कुणी तर सरळ ‘ईव्हिल आय’ म्हणत, म्हणजे अवलक्षणी. १६ ऑगस्ट १९४३ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि दोन वर्षांनी महायुद्ध संपले. म्हणजे ज्या नौकेला तिची माणसे जर्जर म्हणत होती, तिचे वय उणेपुरे दोन वर्षांचे होते. मानाचे नाव वर्तमानपत्र देऊ शकते, सरकार देऊ शकते, पण कडू नाव द्यायचा अधिकार तिच्या पोटात झोपणाऱ्यांनाच असतो. घरच्या माणसाला आपण नावे ठेवतो, पण परक्याने ठेवलेली खपवून घेत नाही, तसेच हे आहे.

पाहायला सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझा सल्ला नेहमीच्या क्रमाच्या उलट आहे. आत शिरल्यावर आपण हँगर डेकवर, म्हणजे विमाने ठेवण्याच्या बंदिस्त मजल्यावर, येतो आणि तिथून गर्दीचा ओघ थेट वर, विमानांकडे जातो. त्या ओघात न जाता आधी खालच्या मजल्यावर उतरावे, जिथे खलाशांची भोजनाची जागा आणि झोपण्याच्या खोल्या जतन केल्या आहेत. साखळ्यांना टांगलेले, एकावर एक रचलेले पलंग इतके जवळजवळ आहेत की वरच्या माणसाने कूस बदलली तर खालच्याला ती जाणवणारच. उशापायथ्याशी दोन वितींचीही मोकळीक नाही, डोक्यावरून वाफेचे आणि पाण्याचे नळ गेले आहेत, आणि प्रत्येकाचे सगळे चंबूगबाळे एका छोट्या लोखंडी कप्प्यात मावणे भाग आहे. तीन हजारांवर माणसे या नौकेवर अशी राहत होती. ‘डेक्रेपिट’ हा शब्द कुठल्या जागेत जन्मला असेल, हे इथे पाच मिनिटे उभे राहिले की सांगावे लागत नाही. नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, बाजूला नांगराच्या साखळ्यांची खोली आहे, तीही चुकवू नये; तिथली एकेक कडी पाहिली म्हणजे हे प्रकरण केवढे अवजड आहे, याचा अंदाज वरच्या डेकवरून येतो त्यापेक्षा कितीतरी चांगला येतो.

‘ड्राय आय’ या नावाची कथा १७ फेब्रुवारी १९४४ च्या रात्रीपासून सुरू होते. प्रशांत महासागरातील ट्रुक बेटांवर अमेरिकी नौदलाने हल्ला चढवला असताना एका जपानी विमानाने सोडलेला पाणतीर (टॉर्पेडो) नौकेच्या उजव्या अंगाला, मागच्या भागावर बसला. माणसे दगावली, आत पाणी शिरले आणि सुकाणू एका बाजूला वळलेल्या अवस्थेत अडकून बसले. सुकाणू गेल्यावर एवढी मोठी नौका समुद्रात गोल गोल फिरत राहायची. पण कप्तान थॉमस स्प्रेग यांनी डावीकडची इंजिने जोरात आणि उजवीकडची संथ चालवून तिला कशीबशी सरळ रेषेत ठेवले. दोन दिवसांनी वारा इतका वाढला की ही युक्तीही पुरेना. वाऱ्याच्या दाबाने नौकेचे तोंड पुन्हा पुन्हा टोकियोच्या दिशेला वळू लागले, आणि त्या घटकेला त्या दिशेला जाण्याची कप्तानांची मुळीच इच्छा नव्हती. तेव्हा खलाशांनी झाकणांची कापडे आणि मिळेल ते कॅनव्हास शिवून एक शीड तयार केले आणि नाळेच्या भागात उभारले. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी, विसाव्या शतकाच्या मध्यातली विमानवाहू नौका अशा रीतीने शिडाच्या आधाराने दिशा धरून २४ फेब्रुवारीला पर्ल हार्बरला पोहोचली. तिथून सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत दुरुस्ती होऊन ती परत कामाला लागेपर्यंत जून उजाडला. ‘ड्राय’ हे नाव देणाऱ्यांना ही शिवणकामाची गोष्ट चांगली ठाऊक होती, आणि म्हणूनच मला त्या नावात तक्रारीइतकाच अभिमानही ऐकू येतो.

फ्लाइट डेकवर, म्हणजे विमाने उडण्या-उतरण्याच्या वरच्या सपाट मजल्यावर, गेल्यावर बहुतेक लोक ‘ब्लॅकबर्ड’ घराण्यातल्या ए-१२ या काळ्याभोर टेहळणी विमानासमोर रांग लावतात. ते विमान विलक्षण आहे, यात वाद नाही. तरीही नौकेच्या डाव्या कडेच्या तोफांच्या चौथऱ्यांकडे आवर्जून पाहावे. इथल्या १० क्रमांकाच्या चौथऱ्यावर कृष्णवर्णीय नौसैनिक तोफा चालवत असत. त्या काळच्या अमेरिकी नौदलात वर्णभेद उघडपणे पाळला जात असे आणि या माणसांची नेमणूक मुळात अधिकाऱ्यांना जेवण वाढण्यासाठी, त्यांच्या खोल्या आवरण्यासाठी झालेली होती. तोफांचे काम त्यांनी त्याखेरीज शिकून घेतले होते. २९ ऑक्टोबर १९४४ रोजी एक जपानी विमान आत्मघाती हल्ल्यासाठी थेट त्यांच्या रोखाने आले. विमान येऊन आदळेपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही, गोळीबार थांबवला नाही. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांपैकी अलोन्झो स्वान यांना ‘नेव्ही क्रॉस’ हे शौर्यपदक मिळायला १९९३ साल उजाडावे लागले, आणि तेही न्यायालयात झगडल्यावर. ‘फायटिंग आय’ हे नाव या नौकेने ज्या प्रसंगांतून कमावले, त्यांतला हा एक. माझ्या मते संपूर्ण भेटीत सर्वांत जास्त वेळ थांबावे अशी जागा हीच आहे, आणि सोबत थोडी मोठी मुले असतील तर त्यांना ही गोष्ट इथेच, जागेवर सांगावी.

यानंतर महिनाही पुरता उलटला नव्हता तोच, २५ नोव्हेंबर १९४४ रोजी, काही मिनिटांच्या अंतराने दोन आत्मघाती विमाने या नौकेवर कोसळली. साठांहून अधिक माणसे त्या दिवशी गेली. आज ज्या हँगर डेकवर आपण तिकीट दाखवून शिरतो आणि मुले खेळ खेळतात, तिथे त्या दिवशी आग आणि धूर भरला होता. नौका पुन्हा अमेरिकेला, पुन्हा दुरुस्तीला. पुढे १६ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाच्या लढाईत आणखी एक विमान फ्लाइट डेक फोडून आत घुसले. तासाभराच्या आत आग विझवण्यात आली आणि हल्ल्यानंतर तीन तासांनी तिची विमाने पुन्हा त्याच डेकवर उतरू लागली होती. एक पाणतीर आणि चार आत्मघाती विमाने अंगावर घेऊन ही नौका बुडाली नाही. अवलक्षणी म्हणायचे की लढवय्यी, हा प्रश्न खलाशांनी दोन्ही नावे वापरून सोडवला.

तिच्या वर्गातल्या आणि बाहेरच्याही नौकांची नावे याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहेत. टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्तीला आज संग्रहालय म्हणून उभी असलेली ‘लेक्सिंग्टन’ ही ‘ब्लू घोस्ट’, कारण ती बुडाल्याची घोषणा जपानी नभोवाणी वारंवार करत असे आणि ही निळ्या रंगाची नौका वारंवार पुन्हा प्रकट होत असे. हे नाव एका परीने शत्रूची देणगी आहे. ब्रिटिश नौदलातली ‘पेनेलोपी’ ही क्रूझर १९४२ मध्ये माल्टाच्या गोदीत बॉम्बच्या तुकड्यांनी इतकी भोके पाडून घेऊन निघाली की खलाशांनी तिला ‘पेपरपॉट’, म्हणजे मिरपुडीची डबी, म्हणायला सुरुवात केली. ‘पेपरपॉट’ आणि ‘डेक्रेपिट’ ही एकाच कुळातली नावे आहेत, जखमांवरून पडलेली.

बाकीच्या संग्रहालयाबद्दल थोडक्यात. ‘एंटरप्राइज’ हे अंतराळ शटल स्वतंत्र मंडपात ठेवले आहे; ते अंतराळात कधी गेले नाही, १९७७ मध्ये हवेतून जमिनीवर उतरण्याच्या चाचण्या त्यावर झाल्या. मंडप भव्य आहे आणि ते पाहून मुलांचे डोळे विस्फारतात. मला मात्र तिथे दुसऱ्याच ‘एंटरप्राइज’ची आठवण झाली : ‘बिग ई’ या लाडक्या नावाची, दुसऱ्या महायुद्धात सर्वाधिक सन्मान मिळवणारी अमेरिकी विमानवाहू नौका, जिला वाचवण्याचे प्रयत्न फसून १९५८ मध्ये ती भंगारात विकली गेली. इंट्रेपिडचे स्वतःचे अंतराळाशी नाते तर अस्सल आहे, कारण १९६२ मध्ये स्कॉट कार्पेंटर यांना आणि १९६५ मध्ये ‘जेमिनी ३’च्या दोन अंतराळवीरांना समुद्रातून परत आणण्याच्या कामात ती मुख्य नौका होती. ते दालन शटलइतके झगमगीत नाही, पण नौकेच्या कथेत ते अधिक शोभते. धक्क्यावरची ‘ग्राउलर’ पाणबुडी जरूर पाहावी, मात्र तिचे दरवाजे अरुंद आणि उंबरे उंच आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी किंवा बंद जागेचा त्रास होणाऱ्यांनी तो मोह टाळावा. सिम्युलेटरांसाठी, म्हणजे उड्डाणाचा आभास देणाऱ्या यंत्रांसाठी, वेगळे पैसे पडतात आणि ते नसले तरी काही बिघडत नाही.

माझी खरी तक्रार तोलाची आहे. विमाने, शटल, काँकॉर्ड हे प्रवासी विमान, सिम्युलेटर या साऱ्या गर्दीत मूळ नौका ही एक प्रशस्त फडताळ होऊन बसते, आणि घाईत असलेल्या पाहुण्याला ‘फायटिंग आय’ एवढेच नाव लक्षात राहते. कडू नावे ठळक अक्षरांत, ती जिथे जन्मली त्या त्या जागी लावली, तर हीच नौका दुप्पट बोलकी होईल. २००६ मध्ये दुरुस्तीसाठी तिला धक्क्यावरून हलवायला गेले, तेव्हा ती नदीच्या गाळात रुतून बसली आणि महिनाभराने कशीबशी निघाली. मग पुन्हा गोदी, आणि २००८ मध्ये परत याच धक्क्यावर. ‘ड्राय आय’ हे नाव साठ वर्षांनंतरही किती नेमके होते, हे सांगायला याहून चांगला पुरावा कुठला?

तरीही ती वाचली, जपली गेली, हे मुंबईकराच्या नजरेने पाहताना मनाला फार लागते. आपल्या पहिल्या ‘विक्रांत’वर मुंबईत २०१२ पर्यंत संग्रहालय होते, नंतर ती २०१४ मध्ये मोडीत निघाली. ‘ग्रँड ओल्ड लेडी’ म्हणून ओळखली जाणारी ‘विराट’ आधी ब्रिटिश नौदलात ‘हर्मीस’ होती, १९८७ पासून आपल्याकडे होती आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रस्तावाला २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मान्यताही दिली होती. ते झाले नाही आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये ती मोडीत काढण्यासाठी गुजरातेतील अलंगला गेली. ‘विराट’वर नोकरी केलेली कितीतरी माणसे मुंबईत, कोकणात, गोव्यात आहेत. डेकवर, जेवणाच्या रांगेत, रात्रपाळीला त्यांनी तिला जी नावे ठेवली असतील ती आता दाखवायला जागाच उरलेली नाही. निदान कुणी लिहून तरी घ्यावीत.

जाण्याबद्दल : न्यू जर्सीहून येणाऱ्यांना ४२ व्या रस्त्यावरच्या बसस्थानकापासून पायी वीसेक मिनिटे लागतात. तिकीट स्वस्त नाही, त्यामुळे अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवस हाताशी ठेवावा आणि सकाळी दार उघडताच पोहोचावे. हिवाळ्यात फ्लाइट डेकवर नदीचा वारा बोचरा असतो, तेव्हा कानटोपी हवीच. आणि निघण्यापूर्वी घरी बसून एक काम जरूर करावे. संग्रहालयाने नौकेवरच्या जुन्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. त्यांतल्या दोन-तीन तरी ऐकाव्यात. त्यांना पैसे पडत नाहीत, आणि त्या ऐकून गेलेला माणूस खालच्या मजल्यावरच्या पलंगांसमोर इतरांपेक्षा बराच जास्त वेळ थांबतो.