मेटफॉर्मिन एसआर, वर्षभरानंतर: गुण आला, वास गेला नाही

पीसीओएससाठी (अंडाशयाचा हार्मोनचा विकार, त्यात पाळी अनियमित होते) मी मेटफॉर्मिन घेते, मूळची मधुमेहाची गोळी. परवा केमिस्टशी वाजलं म्हणून लिहितेय. चिठ्ठीवर ‘एसआर’ (सस्टेन्ड रिलीज) ठळक लिहिलेलं असताना त्याने साधी ५०० ची पट्टी हातात ठेवली. "मॅडम, कंटेंट सेम आहे." असेल, पण साधी गोळी पोटात लगेच विरघळते, एसआर तासन्‌तास थोडी थोडी सुटते. दुसऱ्याच दिवशी मळमळ, जुलाब आणि तोंडाला ती धातूची चव परत हजर. वर "कापलेली पट्टी परत घेत नाही" हेही ऐकून घ्यायचं!

खरं तर गोळी बाहेर काढल्याबरोबर वासावरून शंका यायला हवी होती. मेटफॉर्मिनला सुक्या बोंबलासारखा वास येतो. मी मासे खाणाऱ्या घरातली, तरी सकाळी सकाळी नको वाटतो. एसआरलाही येतो, पण माझ्या ब्रँडच्या गोळीवरचं आवरण जाड असावं, गिळेपर्यंत निभावतं. या वासाबद्दल कुणीच आधी सांगत नाही. मला गोळ्या खराब झाल्यासारख्या वाटून एक अख्खी पट्टी कचऱ्यात गेली.

पहिले काही महिने मी याला एकच स्टार दिला असता. पाळीचा पत्ता नाही आणि पोट बिघडलेलं. मग डॉक्टरांनी साधी बंद करून एसआर दिली, तीही रात्रीच्या जेवणासोबत, डोस हळूहळू वाढवत. पोट शांत झालं आणि पाळी पस्तीस-चाळीस दिवसांवर आली. आता चार स्टार. वजन मात्र जेमतेम हललं.

मेटफॉर्मिनआधी पीसीओएससाठीच इनोसिटॉल या पूरकाची सॅशे घेत होते. त्यांच्या आठवड्याच्या पैशात या गोळीचा महिना निघतो. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही इनोसिटॉलचे पुरावे तोकडेच म्हटलेत. पाळीसाठीच्या इस्ट्रोजेनवाल्या हार्मोनच्या गोळ्या मला चालत नाहीत, ऑरावाली मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक वगैरे दिसते ती) आहे.

शौचात अख्खी गोळी दिसली तर घाबरू नका. ते एसआरचं रिकामं कवच असतं, औषध आत शोषलेलं असतं. गोळी तोडून मात्र घेऊ नका. या गोळीने व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊ शकतं, ते तपासत राहा, शाकाहारी असाल तर जास्तच. आणि पाळी सुधारली की बीजही सुटू लागतं, तेव्हा मूल नको असेल तर गर्भनिरोधक हवंच.

हनुवटीवरचे केस जसेच्या तसे आहेत. त्यासाठी डॉक्टरांनी आता स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं औषध) सुचवलंय. त्यावर दिवस राहिलेले अजिबात चालत नाहीत, म्हणून आधी नवऱ्याशी बोलायचंय, मगच चिठ्ठी लिहून घेईन.