कुत्रं घेऊन फिरायचं की एकट्यानंच? गावाकडचा हिशोब

शुगर निघाली, डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं अन् घरचे म्हणतात कुत्रं पाळा म्हणजे आपोआप चालणं होईल, असं ज्यांचं चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन वर्षं एकटा चाललो, आता तीन वर्षं भुऱ्यासोबत चालतोय. भुऱ्या गावठीच, आखरावर सापडलेला.

व्यायाम म्हणून बघाल तर एकटं चालणं केव्हाही भारी. आठवड्याला निदान 150 मिनिटं चालायचं म्हणतात, पण रमतगमत नाही, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा दम लागला पाहिजे. कुत्र्यासोबत ती चाल जमतच नाही बाप्पा. आमच्या घरापासून पांदणीपर्यंत विजेचे सात खांब आहेत, सातही हुंगायचे, मग तुराटीचा ढीग, मग कोणाच्या तरी बंडीचं चाक, अन् मी दोरी धरून उभा. मोबाईलमध्ये चाळीस मिनिटं दिसतात, त्यातली पंधरा खांबापाशीच जातात.

पण एकट्याचा लोचा म्हणजे खाडे. कापूस वेचायच्या दिवसांत, थंडी पडली की गोधडीतून निघवतच नाही, उद्या जाऊ म्हणता म्हणता माझा अख्खा डिसेंबर गेला होता. भुऱ्या पाच वाजता दाराला पंजे घासायला लागतो, बायको आतून ओरडते "जा ना लवकर, काहून लोळून राह्यले", की उठावंच लागतं. तीन वर्षांत माझे खाडे बोटावर मोजण्याइतके.

आता खरी कटकट सांगतो, दुसऱ्या कुत्र्यांची. एकट्या माणसाला गावातली कुत्री ओळखतात, मान वर करून परत झोपतात. सोबत कुत्रं असलं की प्रत्येक गल्लीची टोळी अंगावर येते. एकदा सोडवायला गेलो अन् माझ्याच पोटरीला दात लागला. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतलं अन् त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू केली, हळद-चुना लावत बसू नका. भुऱ्याला दरवर्षी रेबीजची लस असते तरीही, कारण चावलं ते दुसरंच होतं. शिवाय शेजारच्या दोन कोंबड्या मी भरून दिल्यात, तो खर्च वेगळा.

जंगलाला लागून गाव असेल, चंद्रपूर-गडचिरोलीकडं, तर विषयच संपला, अंधारात कुत्रं नेऊच नका. बिबट्याला कुत्रं म्हणजे आयतं जेवण, अन् दोरीचं दुसरं टोक तुमच्या हातात. एकट्यानंही तिकडं उजाडल्यावरच जावं, ते पण गावाच्या बाजूनं. रानडुकराचंही तसंच, कुत्रं भुंकत मागं लागतं अन् डुक्कर उलटलं की ते पळत तुमच्याकडंच येतं.

उन्हाळ्यात 45 डिग्रीच्या पुढं पारा जातो तेव्हा दोघांचंही चालणं पहाटेच. माणसासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही, जीभ काढून धापा टाकूनच ते थंड होतं. संध्याकाळी न्यायचंच असेल तर डांबरावर पालथा हात सात सेकंद ठेवून बघा, ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते, ते एकट्यालाही आहेच, पण कुत्र्याचे गोचीड काढत बसणं ज्यादाचं काम. अन् धुऱ्यावरच्या गवतात ते तोंड घालतं तेव्हा घोणस असेल का या धास्तीनं मी टॉर्च त्याच्याच नाकापुढं धरून चालतो.

तेव्हा ज्याला सवय आहे, जो न सांगता उठतो, त्यानं कशाला पाळायचं. लग्नाला चार दिवस गावाला गेलात तर भाकर कोण टाकेल, हेही आधी बघा. आळशी असाल माझ्यासारखे तर पाळा.

मी आता दोन फेऱ्या करतो, आधी अर्धा तास एकटा जोरात, मग त्याला सोडतो. तो अर्धा तास भुऱ्या ओट्यावर बांधलेला नुसता रडतो अन् बाजूची काकू मला शिव्या घालते, तेवढी तयारी ठेवा.