न्यूझीलंडची सेल्फ-ड्राइव्ह टूर आणि आमचे बुडालेले ४,१२,५०० रुपये

आधी ५०,००० बुकिंग अमाउंट. मग १,८७,५००. आणि व्हिसा हातात आल्यावर उरलेले १,७५,०००. एकूण चार लाख बारा हजार पाचशे रुपये घेऊन त्या टूरवाल्याने आम्हाला क्राइस्टचर्चच्या रेल्वे स्टेशनवर उभं केलं आणि फोन बंद केला. नाव लिहून उपयोग नाही, पेज आता वेगळ्याच नावाने चालू आहे. म्हणून पद्धत लिहिते.

प्लॅन असा होता: ट्रान्झअल्पाइन ट्रेनने सदर्न आल्प्स ओलांडून ग्रेमाउथ, तिथून गाडीने पुनाकाईकीचा किनारा, फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स हिमनद्या, हास्ट पासवरून वानाका, माउंट कुक आणि परत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे. अप्पा रेल्वेतून रिटायर झालेत. ओटिराचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा १९२३ साली सुरू झाला, हे नातवंडांना त्यांच्याकडून पाठ झालं होतं. सगळी ट्रिप त्या एका ट्रेनभोवती बसवली होती.

विमानाची तिकिटं आणि व्हिसा आमचे आम्ही केले, बाकीचं त्याच्याकडे दिलं. आता नातेवाईक म्हणतात, चौकशी नाही का केलीत? केली होती! प्रत्येक हॉटेलचं कन्फर्मेशन पीडीएफमध्ये होतं, आमच्या नावासकट. तेवढ्यावर न थांबता मी स्वतः फ्रान्झ जोसेफच्या हॉटेलला फोन लावला. रिसेप्शनवरच्या बाईंनी नाव शोधलं, फॅमिली रूम आहे म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, पेमेंट चेक-इनच्या वेळी.

तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्याला लगेच मेसेज केला, त्याचं उत्तरही लगेच आलं: “ताई, ते डिपॉझिटबद्दल बोलतायत, कार्ड ब्लॉक करतात आणि नंतर सोडतात.” परदेशात हॉटेलं कार्डावर डिपॉझिट धरतातच. मग यात खोटं कुठे दिसणार? पीडीएफच्या तळाशी बारीक अक्षरात ‘फ्री कॅन्सलेशन, पे ॲट प्रॉपर्टी’ लिहिलेलं होतं. म्हणजे त्याने एक रुपया न भरता खोल्या अडवल्या, आम्हाला दाखवल्या, आमच्याकडून पूर्ण पैसे घेतले आणि मुदत संपायच्या आत आपल्या लॉगिनवरून सगळ्या रद्द केल्या. पहिल्या रात्रीचं हॉटेल मात्र खरंच भरलेलं होतं. ते आमच्या विश्वासासाठी.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून स्टेशन गाठलं. काउंटरवरच्या मुलाने आमचा बुकिंग नंबर दोनदा टाईप केला, मग स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. असा नंबरच नव्हता. पाच जागा शिल्लकही नव्हत्या. व्हॉट्सॲपवर एकच टिक. गाडीचं बुकिंग सापडलं, पण तिथेही तीच चाल, पैसे काउंटरवर द्यायचे. गाडी आणि ऐनवेळी मिळतील त्या खोल्या यात आणखी ५,२४० न्यूझीलंड डॉलर गेले. आर्थर्स पासवरून आम्ही रस्त्याने गेलो आणि अप्पांचा बोगदा डोंगराच्या पोटातच राहिला.

पुढे कळलं की आयटिनररीसुद्धा शिळी होती. ‘फ्रान्झ जोसेफच्या बर्फावर पायी चढाई’ असं त्यात होतं. २०१२ पासून तिथे बर्फावर पायी जाता येत नाही, फक्त हेलिकॉप्टरने नेतात. फॉक्सच्या दरीतला रस्ता २०१९ च्या दरड कोसळण्यानंतर बंदच आहे, तरी ‘व्हॅली पार्किंगमधून ग्लेशियर व्ह्यू’ लिहिलं होतं. कोटेशन आलं की त्यातली अशी एक-दोन ठिकाणं तरी तपासा. जो माणूस बंद रस्त्यावरून गाडी नेतोय, त्याने तिथलं काहीच बुक केलेलं नाही.

पैसे त्याने एका सेव्हिंग खात्यावर मागितले होते. “ताई, टीसीएस लावत नाही तुम्हाला.” परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला गिऱ्हाइकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापून सरकारला भरायचा आयकर, घ्यावाच लागतो. पण २०२० नंतर त्याचे दर आणि मर्यादा इतक्या वेळा बदलल्या की साध्या नोकरदाराने काय काय लक्षात ठेवायचं? तुम्ही मात्र ठेवा. टीसीएस नको म्हणणारा आणि खासगी खातं देणारा दिसला की तिथेच थांबा.

आणि आता आपल्या यंत्रणेबद्दल. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर तिकडून आमच्या फोनवरून लागलाच नाही. पोर्टलवर तक्रार टाकली, नुसता पोचनंबर आला. परत आल्यावर जवळच्या ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणे, ओटीपी चोरीला गेला नाही, लिंक दाबली नाही, पैसे तुम्हीच एनईएफटीने पाठवलेत, हा दिवाणी वाद आहे, वकील बघा. कशाचा दिवाणी वाद? खोटा तिकीट नंबर देणं हा वाद असतो? खातं दुसऱ्या शहरातलं, म्हणून हद्दीचा प्रश्न काढला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता गुन्हा नोंदवायची तरतूद आहे, हे मी छापील कागद पुढे ठेवून सांगितलं. साहेब जेवायला गेले. आमची बँक म्हणते व्यवहार तुमच्या संमतीने झाला. त्याची बँक म्हणते तुम्ही आमचे ग्राहक नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि बिलावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे.

क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. पाच टक्के डिस्काउंटसाठी कोणी कार्ड टाळायला सांगत असेल तर ऐकू नका.

ज्यांनी अशा कोणाला पैसे देऊन ठेवलेत, त्यांनी आजच प्रत्येक हॉटेलला, गाडीवाल्याला आणि ट्रेन कंपनीला स्वतः मेल करा. ‘बुकिंग आहे का’ विचारू नका, ते ‘हो’च म्हणतील. विचारा: पूर्ण पैसे जमा झालेत का, आणि हे बुकिंग आमच्याशिवाय दुसरं कोणी रद्द करू शकतं का? उत्तर लेखी घ्या.