बेसबॉल रेफरन्स: .301 भारी की .372, ते इथे बघा

बेसबॉलचे आकडे बघायला मी कायम बेसबॉल रेफरन्सच उघडतो, आणि फुकटात एवढं देणारी दुसरी साईट मला तरी माहीत नाही. शॉन फॉरमनने 2000 साली सुरू केलेली ही साईट, 1871 पासूनचे खेळाडू आहेत तिच्यात. दिसायला अगदी साधी, नुसती टेबलंच टेबलं, पण ज्याला आकडे वाचायचेत त्याला अजून काय हवं!

मला सगळ्यात जास्त आवडतो तो ओपीएस प्लसचा कॉलम. बॅटर किती वेळा बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यावर) पोचतो ते ऑन-बेस, एका एट-बॅटला (वॉक वगैरे वगळून बॅटिंगच्या एका पाळीला) सरासरी किती बेस मारतो ते स्लगिंग, या दोघांची बेरीज म्हणजे ओपीएस. आता नुसता ओपीएस बघून काही कळत नाही कारण प्रत्येक वर्ष वेगळं, प्रत्येक मैदान वेगळं. ओपीएस प्लसमध्ये तो त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीशी ताडून बघतात, मैदानाचा फायदा-तोटाही धरतात, आणि सरासरी बॅटर म्हणजे 100. बास, एका नजरेत कळतं माणूस किती पाण्यात आहे ते.

उदाहरण देतो. बोस्टन रेड सॉक्सचा बॅटर कार्ल यास्त्रेम्स्की, त्याच्या पानावर 1968 ची ओळ बघा. बॅटिंग अॅव्हरेज (हिट्स भागिले एट-बॅट्स) .301, आणि तेवढ्यावर तो अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) पहिला! आकडा ठळक अक्षरात आहे, म्हणजे लीगमध्ये सगळ्यात जास्त, शेजारी 119 वॉक्स (पिचरचे चार बॉल बाहेर गेले की फुकट मिळणारा पहिला बेस) तेही ठळक. त्या वर्षी अख्ख्या अमेरिकन लीगची सरासरी .230 होती, दुसऱ्या नंबरचा डॅनी केटर .290 वर होता, पिचर्सनी (बॉल टाकणाऱ्यांनी) इतका कहर केला होता की पुढच्या सीझनला माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, 15 इंचावरून 10 इंचावर आणावा लागला. यास्त्रेम्स्कीचा ओपीएस .922 आणि ओपीएस प्लस 170 च्या आसपास.

आता टॉड हेल्टन, साल 2000, कोलोरॅडो रॉकीज. अॅव्हरेज .372, ओपीएस 1.162, म्हणजे यास्त्रेम्स्कीच्या कुठल्या कुठे पुढे. पण ओपीएस प्लस? 163. कारण तेव्हा सगळेच धो धो मारत होते आणि रॉकीजचं गाव डेन्व्हर पडलं समुद्रसपाटीपासून 1600 मीटर उंचावर, हवा विरळ, बॉल लांब जातो. हेल्टन कमी होता असं अजिबात नाही, 163 म्हणजे जबरदस्तच सीझन आहे तो, पण साध्या ओपीएसवरून जी दरी वाटते ती खरी नाही, आणि ते या एका कॉलममुळे लगेच समजतं.

न्यूट्रलाइज्ड बॅटिंग म्हणून एक सोय आहे ती तर नक्की वापरा, एका काळातल्या बॅटरचे आकडे दुसऱ्या काळाच्या, दुसऱ्या मैदानाच्या हिशोबाने बदलून दाखवते, माझा तर त्यात तासन्‌तास वेळ जातो.

एक सांभाळा. ओपीएस प्लस 150 म्हणजे ओपीएस सरासरीच्या दीडपट असं नाही. ऑन-बेस आणि स्लगिंग दोन्ही वेगवेगळे लीगच्या आकड्याने भागून, बेरीज करून त्यातून 1 वजा करतात, म्हणून फरक मोठा दिसतो. शिवाय या आकड्यात ऑन-बेस आणि स्लगिंगला सारखंच वजन दिलंय, प्रत्यक्षात रन्स व्हायला ऑन-बेस जास्त कामाला येतं, त्यामुळे भरपूर वॉक्स घेणाऱ्या बॅटरवर थोडा अन्याय होतो. अशा दोन बॅटरमध्ये 4-5 चाच फरक असेल तर फॅनग्राफ्स या दुसऱ्या आकड्यांच्या साईटवरचा डब्ल्यूआरसी प्लसपण (रन्स व्हायला कशाचा किती उपयोग होतो ते धरून काढलेला असाच आकडा) बघून घ्या, तिथेही 100 म्हणजे सरासरीच.

स्टॅटहेड नावाचा शोधायचा भाग आहे त्याला पैसे पडतात, पण खेळाडूंची पानं आणि वर्षावर्षाच्या लीग सरासऱ्या फुकट आहेत आणि बहुतेकांना तेवढं पुरेल. माझ्याकडून पाचपैकी पाच.